शिसं ठोकून आऊट निघत नाही

हा लेख भांडायला लिहिलाय आणि भांडण एका वाक्याशी आहे: "बॅलन्सिंग करून घ्या, जाईल थरथर." वीसहून जास्त वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी जैसलमेरच्या वाळूत ऐकलं, तेजपूरच्या चिखलात ऐकलं आणि लेहच्या थंडीतही ऐकलं. बोलणारे बदलतात. कधी एमटी पार्कातला हवालदार असतो, कधी हायवेवरचा टायरवाला, आणि हल्ली लवकर निवृत्त होऊन थार घेणारे व तिला ३५ इंची टायर बसवणारे माझे कोर्समेट. वाक्य मात्र तेच. मोठ्या टायरची गाडी थरथरली की माणसाचा हात आपोआप शिशाच्या डब्याकडे जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. मोठ्या टायरच्या थरथरीत शिशाने सुटणारा भाग थोडा असतो. बाकीचा प्रश्न चाकाच्या गोलाईचा असतो, टायर रिमवर नीट न बसल्याचा असतो, हवेचा, नटांचा किंवा स्टिअरिंगच्या झिजलेल्या सांध्यांचा असतो. तो न शोधता चाकाला वजनं ठोकत राहणं म्हणजे टायफॉइडच्या पेशंटला ताप उतरायची गोळी देऊन घरी पाठवणं. आमच्या धंद्यात त्या गाडीच्या मागे अठरा-वीस जवान बसलेले असतात, म्हणून हा विषय मला नुसता टायरवाल्यावर सोडायचा नाही.

आधी एक शब्द घेऊ. सायकलच्या दुकानाबाहेर ताटकळत बसलेल्या प्रत्येक मराठी पोराला "चाक आऊट आहे" म्हणजे काय ते कळतं. खडकवासल्याला एनडीएत कॅडेटचा निम्मा दिवस सायकलवर जातो. पहिल्या टर्मला ती सायकल जितकी चालवली जाते तितकीच खांद्यावर उचलली जाते आणि चिखलात आपटली जाते, त्यामुळे चाकं आऊट होणं रोजचंच. मिस्त्री काय करायचा? सायकल उलटी करायचा, रिमजवळ खडू धरायचा, चाक हाताने फिरवायचा आणि जिथे खडू लागला तिथल्या तारा कसायचा किंवा ढिल्या करायचा. याला "आऊट काढणं" म्हणतात. आऊट चाकाला वजन बांधून गिऱ्हाईकाला परत पाठवणारा सायकलवाला मी आजवर पाहिलेला नाही. मग चारशे रुपयांच्या रिमला आपण जी अक्कल लावतो, ती शंभर किलोच्या ट्रकच्या चाकाला का लावत नाही?

चाक गोल असणं आणि चाक समतोल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातला जेवायला बसायचा चौकोनी पाट घ्या. त्याला बरोबर मधोमध भोक पाडा आणि बॅलन्सिंग मशीनवर चढवा. मशीन शून्य दाखवेल, कारण वजन सगळीकडे सारखं वाटलेलं आहे. आता तो पाट गाडीला लावून चालवा. मशीनवर चाक हवेत फिरतं. त्याच्यावर गाडीचा भार नसतो आणि खाली रस्ताही नसतो. टायरला कुठे उंचवटा आहे, बाजूची भिंत कुठे जास्त कडक आहे, भाराखाली तो कुठे कमी दबतो, यातलं काहीही साधं मशीन सांगत नाही. त्यामुळे "मशीनवर शून्य आलंय साहेब" हा पुरावा अर्धा आहे. मशीन खोटं बोलत नाही, त्याला तेवढंच विचारलेलं असतं.

मग वजनाचा प्रश्न नसतोच का? असतो, आणि मोठ्या टायरला तो मोठाच असतो. थोडं गणित करू. आपल्याकडच्या ट्रकचा ओळखीचा टायर म्हणजे १०.००-२०. एका फेऱ्यात तो साधारण सव्वातीन मीटर जातो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला सहा फेरे. रस्त्याला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून अर्धा मीटर लांब आहे. तिथे १०० ग्रॅम जास्त असले, तर त्या वेगाला ते १०० ग्रॅम चाकाला सुमारे सात किलोच्या जोराने बाहेर ओढतात आणि सेकंदाला सहा वेळा दिशा बदलतात. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. शिवाय आपण वजन लावतो ते रिमवर, म्हणजे मध्यापासून पाव मीटरवर. त्यामुळे माथ्यावरच्या १०० ग्रॅमला उत्तर द्यायला रिमवर २०० ग्रॅम लागतात. रुंद टायर असेल तर ते आतल्या कडेला की बाहेरच्या, हाही प्रश्न येतो. एकाच कडेला सगळं लावलं तर वर-खालची उडी थांबते आणि चाक डावी-उजवीकडे डुलायला लागतं.

आता याच गणिताकडे उलट बाजूने बघा. नव्या चांगल्या टायरमध्ये काही ग्रॅमचा फरक असणं मान्य आहे. पण एका चाकाला अर्धा-पाऊण किलो शिसं लागत असेल, तर ते चाक तुम्हाला ओरडून सांगतंय की बिघाड दुसरीकडे आहे. रिमच्या आत चिखलाचा थर सुकलाय. ट्यूबखालचा फ्लॅप दुमडलाय. टायर रिमवर तिरका बसलाय. रिम वाकलीय. किंवा टायर आतून सुटायला लागलाय. यातल्या पहिल्या कारणाला एक बादली पाणी पुरतं. शेवटच्या कारणात माणसं जातात.

शेवटच्या कारणाचाच एक प्रसंग सांगतो. पूर्वेकडच्या एका पोस्टिंगवर आमच्याकडे एक गाडी होती. तिला मूळ मापाचे टायर वेळेवर न मिळाल्याने एक माप मोठे, रिमोल्ड केलेले टायर बसवलेले होते. गाडी चालवायचा गढवालकडचा एक नायक. कमी बोलणारा, हात साफ. त्याने पहिल्या आठवड्यात सांगितलं, "साब, गाडी झूलती है." वजनं लावली गेली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. आणखी वजनं लावली गेली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याला ऐकवण्यात आलं की बाकीचे ड्रायव्हर तीच गाडी मुकाट चालवतात, तुलाच बरा त्रास होतो. चौथ्यांदा त्याने जवानांना बसवून घाटात गाडी न्यायला नकार दिला.

फौजेत नकार म्हणजे काय, हे वर्दी घातलेल्यांना सांगायला नको. प्रकरण शिस्तीचं झालं आणि माझ्यासमोर आलं. मी त्याला एवढंच विचारलं, "झूलती है मतलब? कितने पे?" तो म्हणाला, वीस-पंचवीसला सगळ्यात जास्त, हळू हळू, बोटीसारखी, आणि गेल्या महिन्यात ती जेवढी होती त्यापेक्षा आज जास्त आहे.

या दोन वाक्यांत निदान पूर्ण होतं. वजनाचा दोष वीसच्या वेगाला जाणवत नाही, वर जोर वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणालो ते यासाठीच. कमी वेगात, बोटीसारखं, आणि दर आठवड्याला वाढत जाणारं डुलणं म्हणजे टायरचा वरचा थर आतल्या थरापासून सुटतोय, असंच धरून चालायचं. ते चूक ठरेपर्यंत गाडी हलवायची नाही. चाक उचललं, शेजारी वीट ठेवून तिच्यावर खडू धरला, चाक हाताने फिरवलं. एका जागी टायर बोटभर वर आला. तिथे तळवा ठेवला तर खाली पोकळ लागत होतं. त्या चाकावर तोवर तीन वेळा शिसं ठोकलेलं होतं. नायकावरची कारवाई तिथेच संपली, आणि त्या मापाचे बाकी टायर त्याच दिवशी उतरवले गेले.

मला या प्रसंगात त्या नायकाच्या धैर्यापेक्षा एक गोष्ट जास्त टोचते. त्याच्याकडे सगळी माहिती पहिल्या दिवसापासून होती. त्याला कुणी वेग विचारला नव्हता.

म्हणून माझी पहिली मागणी: पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरला चार प्रश्न विचारा. कोणत्या वेगाला? कुठे जाणवतं, स्टिअरिंगला, सीटला की पायाखालच्या पत्र्याला? कधी, गाडी ओढताना, सोडून दिल्यावर की ब्रेक मारल्यावर? आणि कधीपासून, वाढतंय की तसंच आहे?

या चार उत्तरांवर निम्मं काम होतं. स्टिअरिंग हलतंय तर पुढची चाकं आणि स्टिअरिंगचे सांधे. सीट हलतेय तर मागची चाकं. फक्त ब्रेक मारल्यावर येतंय तर ड्रम, टायरला हात लावू नका. पासष्ट ते पंचाहत्तरमध्ये येतं आणि पुढे जातं, तर वजनाचा किंवा गोलाईचा दोष. गाडी ओढताना येतं आणि पाय काढला की जातं, तर चाकांपेक्षा प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे जॉइंट यांच्यावर संशय घ्या.

शाफ्टची थरथर चाकाच्या थरथरीपासून वेगळी ओळखता येते. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर सहाच्या आसपास असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे सहा फेरे होतात. ७२ च्या वेगाला चाक सेकंदाला सहा वेळा ढकलतं. शाफ्ट छत्तीस वेळा, आणि त्याचा कोन बिघडलेला असेल तर बहात्तर वेळा. पहिली हाताला धक्क्यासारखी लागते, दुसरी तळपायाला गुणगुणल्यासारखी. वेग ३६ वर आणा, चाकाचे धक्के सेकंदाला तीन होतात आणि तोंडाने मोजता येतात. एवढ्यासाठी कुठल्याही मशीनची गरज नाही. गाडी उंच करून मोठे टायर घालणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, कारण गाडी उंच केली की शाफ्टचा कोन बदलतो. त्यांच्यातले कित्येक जण मग शाफ्टच्या गुणगुणीसाठी चाकांना शिसं लावत बसतात.

दुसरी मागणी: क्रम पाळा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रम असा.

आधी धुवा. रिमच्या आतल्या बाजूने, दुहेरी चाकांच्या मधून, सगळीकडून. मधे अडकलेला दगड काढा. मग हवा बघा, थंड टायरमध्ये, सगळ्या चाकांची. वाळूत जायला हवा कमी केली आणि डांबरावर येताना भरायची राहिली, हे वाळवंटात नेहमी घडतं. दुहेरी चाकांत एकात हवा कमी असली तर दोन्ही चाकं एकमेकांशी भांडत फिरतात. डोंगरात हवेचा काटा वेगळाच खेळ करतो. मैदानात ३० अंशाला १०० पाउंड भरलेला टायर लेहच्या उंचीवर उणे १० अंशाला नव्वदच्या आसपास दाखवतो. उंचीमुळे काटा वर जातो, थंडीमुळे त्याहून जास्त खाली येतो. एका चाकाची हवा मैदानात भरलेली आणि दुसऱ्याची लेहला, तर दोन्ही सारखी कशी असतील?

मग गाडी वीसेक किलोमीटर चालवा. आपल्या ट्रकांचे बरेच टायर नायलॉनचे, आडव्या विणीचे असतात. गाडी कित्येक दिवस एका जागी उभी राहिली की रस्त्याला टेकलेला भाग चपटा होतो. टायर तापला की तो चपटेपणा बहुतेक वेळा जातो. थंड, चपट्या टायरला बॅलन्स करणं म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाच्या सुजलेल्या डोळ्यांना चष्म्याचा नंबर काढणं.

मग खडू. गाडी सपाट जागी, बाकी चाकांना पुढून-मागून ठोकळे, जॅकखाली फळी, अ‍ॅक्सलखाली स्टँड. खडू आधी टायरच्या माथ्याजवळ धरा आणि फिरवा, मग बाजूच्या भिंतीजवळ धरा आणि फिरवा. मग तेच रिमच्या कडेला. पुढच्या चाकाला अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर शिशाला हात लावू नका, आऊट शोधा. टायरच्या भिंतीवर रिमलगत एक बारीक गोल रेघ असते. ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारखी लांब दिसली पाहिजे. एका बाजूला ती रिममध्ये बुडली असेल तर टायर बसलेलाच नाही. हवा काढा, कडेला टायरचं वंगण लावा, पुन्हा बसवा. लॉक रिंगवाल्या चाकाला हे करताना पिंजरा वापरा. हवा भरताना उडालेली रिंग माणूस मारते, आणि "आजवर कधी उडाली नाही" हे वाक्य प्रत्येक जण आयुष्यात एकदाच चुकीचं म्हणतो.

टायर नीट बसूनही आऊट असेल, तर दोष टायरचा की रिमचा हे कळायला एक साधी युक्ती आहे. उंचवट्याच्या जागी टायर आणि रिम दोन्हींवर खूण करा. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. उंचवटा टायरच्या खुणेबरोबर गेला तर टायर, रिमच्या खुणेवर राहिला तर रिम. कित्येकदा दोघांचाही थोडा थोडा दोष असतो आणि अर्ध्या फेऱ्यात दोन्ही एकमेकांना कापतात. शिशाचा एक तुकडाही न लावता चाक शांत होतं. नव्या टायरवर लाल आणि पिवळा ठिपका असतो तो याचसाठी. पिवळा हलक्या जागेचा, तो व्हॉल्व्हजवळ येतो. लाल उंच जागेचा, तो रिमच्या खोल जागेवर येतो. दोन्ही असतील तर लाल ऐकायचा. हे ठिपके कारखान्यात कुणीतरी मोजून लावलेले असतात आणि आपण ते धुऊन काढतो.

त्यानंतर स्टिअरिंग. चाक उचललेलंच आहे, तर वरून-खालून धरून हलवा: बेअरिंग आणि किंगपिन. डावी-उजवीकडून धरून हलवा: टाय रॉड. मोठा टायर नवे दोष जितके आणतो त्याहून जास्त जुने उघडे करतो. छोट्या टायरखाली गप्प बसलेला ढिला सांधा मोठ्या टायरखाली नाचायला लागतो. खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं अशी फडफडतात की स्टिअरिंग हातातून सुटतं. अशा वेळी जाड स्टिअरिंग डॅम्पर विकणारे पुष्कळ भेटतात. डॅम्पर फडफड दाबतो, सांधा तसाच ढिला राहतो. आवाज बंद केला म्हणून चोर गेला नाही.

एवढं सगळं झालं, आता बॅलन्सिंग करा. मशीनवर, दोन्ही कडांना, त्या वजनाचं चाक पेलणाऱ्या मशीनवर. जाऊन बघा, लागणारं शिसं एकदम माणसात आलेलं असेल.

तिसरी मागणी आमच्याच लोकांकडे आहे आणि ती ऐकून काही जणांना राग येईल. इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात चाकं रंगवणं थांबवा. मला चमक आवडते. पांढरे-लाल नट रांगेत दिसले की माझंही मन भरून येतं. पण रंग रिमच्या बाहेरून लावायचा असतो. हब आणि रिम जिथे एकमेकांना टेकतात त्या जागी, आणि नटाच्या बैठकीवर, रंगाचे थर चढले की नट रंगावर कसला जातो, लोखंडावर नाही. गाडी चालली, ब्रेक तापले, रंग चेपला आणि नट ढिला झाला. चाक मग मध्यापासून सरकतं आणि थरथरतं. ते थरथरलं की आपण शिसं ठोकतो. खरं औषध म्हणजे तारेचा ब्रश. टेकणाऱ्या जागा घासा, नट समोरासमोरच्या क्रमाने कसा, चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून पुन्हा कसा. लास्ट परेडला नटांवरून हात फिरवायचा नियम आपल्याकडे आहेच. तो हात चमक बघायला ठेवलेला नाही.

"पण पूर्वी असं काही लागत नव्हतं," हा युक्तिवाद नेहमी येतो. माझे पहिले उस्ताद शक्तिमानवर शिकलेले होते आणि त्यांच्या तोंडी हे वाक्य शोभायचं. त्यांच्या काळी ते खरंही होतं, कारण पूर्वी या रस्त्यांवर वेगच नव्हता. झोजिलाच्या चिखलात किंवा सेलाच्या वळणांवर ट्रक पंधरा-वीसने चढायचा. त्या वेगाला वजनाचा दोष झोपलेला असतो. आता रोहतांगखालून २०२० पासून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा आहे, सेलाखालून २०२४ पासून बोगदा आहे, पायथ्याला चौपदरी रस्ते आहेत. तोच ट्रक, तेच मोठे टायर, आता सत्तर-पंचाहत्तरने धावतात. रस्ते सुधारले आणि जे दोष वीस वर्षं लपून होते ते वर आले. म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त काळजी लागणार, कमी नाही.

याला जोडून एक धोकादायक सवय आली आहे. थरथर पासष्ट ते पंचाहत्तरमध्ये येते आणि ऐंशीला जाते, असं ड्रायव्हरला कळलं की तो ऐंशीने चालवायला लागतो. त्याची तक्रार बंद होते. कार डायरीत सगळं आलबेल दिसतं. आपण ज्याला दुरुस्ती समजतो ते कित्येकदा ड्रायव्हरने शोधलेली पळवाट असते, आणि त्या पळवाटेत मोठ्या टायरचा ट्रक ब्रेक लागायच्या अंतराबाहेर पळत असतो.

आता थारवाल्या मित्रांकडे वळतो. तुमचं म्हणणं असं की फौज मोठे टायर वापरते, मग आम्ही का नाही? फौज वापरते, कारण वाळू आणि चिखलात टायरचा पसारा मोठा लागतो. पण ती गाडी त्या टायरसाठीच बनवलेली असते. अ‍ॅक्सल, ब्रेक, गिअर, स्टिअरिंग, सगळं त्या मापाला धरून. अहिल्यानगरला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरला, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आहे. लष्करी गाड्या तिथे नुसत्या फोटोसाठी उभ्या केल्या जात नाहीत. तुमच्या गाडीला मूळचा टायर ३१ इंचाच्या आसपासचा. त्या जागी ३५ इंची घातला की व्यास १३ टक्क्यांनी वाढतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ९० ने धावत असते. तेवढाच ब्रेक मारायला १३ टक्के जास्त जोर लागतो. स्टिअरिंगचे सांधे ज्या वजनासाठी बनवले त्याहून जड चाक उचलतात. वर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहेच. ते गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे फेरफार करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीला हे कलम कुणी शिकवावं लागत नाही.

तरी तुम्ही घालणार, हे मला माहीत आहे. निदान घालून थरथरली की मला रात्री साडेदहाला "मनालीत बॅलन्सिंग चांगलं कुठे होतं?" असा फोन करू नका. गाडी कोणत्या वेगाला हलते ते सांगा. आणि टायरमध्ये प्लॅस्टिकच्या गोळ्या टाकायचा सल्ला कुणी दिलाच, तर त्याला विचारा की त्या गोळ्या वाकलेली रिम सरळ करतात का.

"वेळ कुठे असतो?" हा शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यात प्रामाणिक आहे. कॉन्व्हॉय पहाटे चारला सुटायचा असतो, चाळीस गाड्या उभ्या असतात, एका चाकासाठी तासभर कोण देणार? मी हिशेब मांडतो. धुणं, हवा, खडू आणि सांधे हलवून बघणं, एका चाकाला अर्धा तास. त्या नायकाच्या गाडीला तीन वेळा शिसं ठोकायला यापेक्षा जास्त वेळ गेला होता. शिवाय एक शिस्तीचं प्रकरण, त्याचे कागद, त्याच्या साक्षी, आणि एका चांगल्या ड्रायव्हरचा आपल्यावरचा अर्धा विश्वास. हा विश्वास परत भरून काढायला कुठलाही डेपो नाही. ज्याचं पहिल्यांदा ऐकलं नाही तो दुसऱ्यांदा सांगतो. ज्याला चौथ्यांदा दरडावलं तो पाचव्यांदा गप्प बसतो आणि गाडी घाटात घेऊन जातो.

म्हणून एमटी पार्क चालवणाऱ्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला माझं सांगणं आहे. उद्या सकाळी फर्स्ट परेडला जाताना खिशात खडू ठेवा. पहिला जो ड्रायव्हर म्हणेल "साब, गाडी काँपती है", त्याला वेग विचारा. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, "वहम" म्हणून नाही. मग चाक उचला आणि खडू धरा. शिशाचा डबा तोवर कुलपात राहू द्या. किल्ली मागायला येणाऱ्याने आधी आऊट किती ते सांगावं.